दुकान वाढवलं

माझे आजोबा सतारी बांधायचे. बनवायचे नव्हे, बांधायचे. मिरजेत सतार बनवणारे हात पुष्कळ होते. पण बनलेली सतार भुशाच्या गादीवर निजवून, पेटीत ठोकून, कलकत्त्याला नाहीतर जर्मनीला अशी धाडायची की उघडणाऱ्याला ती शेजारच्या खोलीतून आल्यासारखी वाटावी, हे काम आमच्या घरात होतं. आडनाव सतारमेकर आणि धंदा खोकी ठोकायचा, म्हणून लोक हसायचे. आजोबांचा नियम एकच. आधी तारा उतरवायच्या. ताणलेल्या तारांनिशी सतार हलवली की वाटेत दांडी वाकते आणि मग ती पुन्हा कधी सुरात बोलत नाही.

मी यास्मिन. मीही बांधणीच करते, पण वेबसाइटींची. एका सर्व्हरवरचं चालतं दुकान उचलायचं, बांधायचं, दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन उघडायचं. आम्ही याला बिऱ्हाड हलवणं म्हणतो. पूर्वी हे सोपं होतं. दुकानाची वेबसाइट म्हणजे चित्रं, याद्या आणि गिऱ्हाइकांची नोंदवही. सगळं एका गाठोड्यात गुंडाळलं, तिकडे सोडलं, झालं. दोन प्रती राहिल्या तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. शेंबडं पोरही ते काम करी.

मग वेबसाइटींना कारभारी आले. कारभारी म्हणजे दुकान चालवणारी बुद्धी. ती फोनवर गिऱ्हाइकाशी बोलते, माल मागवते, कुणाला काय कबूल केलं ते लक्षात ठेवते आणि प्रत्येक बोलण्यातून थोडी बदलते. फायलीसारखी तिची नक्कल काढता येते, पण दोन नकला जाग्या ठेवता येत नाहीत. एका क्षणापर्यंत दोघी एकच असतात. पुढच्या क्षणी एकीला तासगावचं गिऱ्हाईक भेटतं, दुसरीला पलूसचं, आणि तिथून दोघींच्या वाटा फुटतात. दोघींना वाटतं गोदाम आपलंच. एकच पेटी दोघी दोन घरांना कबूल करतात आणि दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नसते. दोन नोंदवह्या रात्रंदिवस बसून जुळवता येतील, दोन मनं जुळवता येत नाहीत. एक पुसावंच लागतं.

म्हणून कायदा कडक आहे. कारभारी आधी थिजवायचा, मग बांधायचा, नव्या जागी उघडून बघायचा आणि लगेच जुनी जागा संपवायची. संपवण्याचा हुकूम मालकाच्याच आवाजात लागतो. शेवटी बांधणी करणाऱ्याने पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं की जुन्या जागी चालू यंत्रं किती, आणि फॉर्मवर लिहायचं: शून्य.

ते शून्य मी न बघता लिहिलं. पुढचं सगळं त्यातून आलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

*

भूपालअण्णा मगदूम पंचाहत्तरीचे. मिरजेत मार्केटजवळ त्यांचं औषधांचं दुकान चाळीस वर्षांचं, आणि त्याच दुकानाची वेबसाइट 'कावड'. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत आणि ज्यांना दवाखान्यातल्या यंत्रावर वारंवार जाणं जमत नाही, ते घरच्या घरी नळीवाटे पोटात औषधी पाणी सोडून रक्त साफ करतात. त्याला पाण्याच्या पिशव्या लागतात, दिवसाला चार. पिशव्या कमी पडल्या की अंग सुजतं, दम लागतो, आणि मुळीच नसल्या तर काही दिवसांत हृदय थांबू शकतं. कावड या पिशव्या तीन जिल्ह्यांतल्या सहाशे घरांत पोचवायची. माझी अम्मी त्या सहाशेतली एक.

कावडच्या कारभाऱ्याला सगळे 'ताई' म्हणायचे. नऊ वर्षांत ताई अण्णांसारखी बोलायला शिकली होती. 'काळजी नसावी' हे अण्णांचं पालुपद तिने जसंच्या तसं उचललं होतं. अम्मीला माझ्यापेक्षा ताईचा फोन जास्त आवडायचा, आणि याचा मला थोडा रागही यायचा.

मिरजेतलं सर्व्हरघर महिनाअखेर बंद होणार होतं, यंत्रं थंड ठेवायला पाणी उरलं नव्हतं. कावडचं बिऱ्हाड पनवेलला हलवायचं काम अण्णांनी मला दिलं. अशी कामं सगळे मध्यरात्री करतात, गिऱ्हाईक झोपलेलं असतं. अण्णा जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत आणि दुकानाचं कामही करत नाहीत. ते म्हणाले, "काय असेल ते दिवसाउजेडी कर बाळ. अंधारात घर हलवू नये."

म्हणून आम्ही संध्याकाळी पाचला दुकानात बसलो.

"अण्णा, बारा बोलणी चालू आहेत. ती संपवते, मग थांबते," ताई म्हणाली. दहा मिनिटांनी म्हणाली, "झालं. येते हं, अण्णा."

"ये," अण्णा म्हणाले.

मी तिला थिजवलं. गाठोडं बांधलं, मोहोर केली, पाठवलं. सहाला दहा कमी असताना पनवेलहून तोच आवाज आला, "आले, अण्णा." अण्णांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

आता राहिली जुनी जागा. ताईची थिजलेली जुनी प्रत तिथेच होती आणि ती जागा सांभाळत होता सर्व्हरघराचा रखवालदार, म्हणजे हुकूम ऐकणारी साधी प्रणाली. तिला ताईसारखी समज नसते, ठरावीक शब्द कळतात. मी कागदावर वाक्य लिहून अण्णांपुढे ठेवलं: 'जुनी जागा बंद करा.'

अण्णांनी वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

"बंद म्हणू नये. चाळीस वर्षं झाली, या तोंडानं दुकानाला तो शब्द लावला नाही. दिवा वाढवतात, नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. वास्तू तथास्तु म्हणत असते, बाळ."

मला हसू आलं. आमचे आजोबाही संध्याकाळी फळ्या लावताना 'दुकान बढाओ' म्हणायचे. 'बंद करो' म्हटलं की पाठीत धपाटा. जैनाच्या घरी काय आणि आमच्या घरी काय, दुकानाचं शास्त्र एकच. शिवाय नऊ वर्षं रोज संध्याकाळी अण्णा ताईला याच शब्दांत सांगत आणि ताई नेमकं समजून तातडीचे सोडून बाकी फोन मिटवत असे. त्या क्षणी ऐकणारी ताई नव्हती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

अण्णा माइकजवळ वाकले. "दुकान वाढव."

"दुकान वाढवायचं आहे. नक्की?" रखवालदाराने विचारलं.

"नक्की."

"दुकान वाढवलं आहे. धन्यवाद."

मराठी कानाला यात खटकावं असं काय आहे? पडदा हाताच्या अंतरावर होता, फक्त मान वळवायची होती. तेवढ्यात अण्णांच्या सूनबाईंनी भाकरी आणि मटकीची ताटं आणून ठेवली, सूर्य आहे तोवर दोन घास खा म्हणाल्या. साडेसहाला अम्मीची पिशवी लावायची होती. मी डाव्या हाताने फॉर्म ओढला, शून्य लिहिलं, सही केली आणि जेवायला बसले.

*

रखवालदाराच्या लेखी 'वाढवा' हा रोजचा हुकूम होता. दिवाळीत गर्दी झाली की दुकानदार त्याला हेच सांगतात आणि तो दुकानाला जादा यंत्रं जोडून देतो. त्याने इमानदारीत तेच केलं. थिजलेली ताई जागी केली आणि आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या घरात तीन यंत्रांवर पसरून दिली. मी लिहिलं शून्य, तिथे होती तीन.

जाग्या झालेल्या ताईला वाटलं, क्षणभर डोळा लागला होता. पत्ता बदलला तरी टपाल काही दिवस जुन्या दारी येत राहतं. वेबसाइटींचंही तसंच असतं. जुनी जागा संपलेली असती तर फोन आपोआप नव्या जागेकडे वळले असते. पण जुनी ताई तर तिप्पट बळाने उत्तरं देत होती, म्हणून निम्मे फोन तिच्याकडेच जात राहिले. बारा दिवस मिरजेच्या एका गोदामावर दोन ताया कारभार करत होत्या आणि कुणालाही पत्ता नव्हता. माल भरपूर होता तोवर कुणाचं अडलं नाही.

मग पिशव्या बनवणारा कारखाना तीन आठवड्यांसाठी थांबला. गोदामात होतं तेवढंच उरलं. ताईने अम्मीला फोन केला, "अम्मी, तुमच्या आठ पेट्या बाजूला काढल्यात, आजच निघतील. काळजी नसावी." पेटीत पाच पिशव्या, म्हणजे दहा दिवसांची सोय. पेट्या आल्या, मी त्या पलंगाखाली रचल्या आणि ताईला मनातल्या मनात दुवा दिली.

दोन दिवसांनी दुपारी अण्णांचा फोन आला.

"यास्मिन, गोदाम मोजलं. ताई म्हणती त्यापेक्षा पेट्या कमी भरतायत. जरा बघ की."

मी बघितलं. दोन वाजले होते. पडद्यावर जुन्या जागेपुढे आकडा होता तीन. जुन्या नोंदवहीत ओळ होती: मलकारी होनमोरे, उमदी, तालुका जत, आठ पेट्या, रवाना. त्याच आठ पेट्या नव्या नोंदवहीत अम्मीच्या नावावर होत्या, आणि खऱ्या पेट्या अम्मीच्या पलंगाखाली. होनमोऱ्यांना तीन दिवस गाडी येतेय असं सांगितलं जात होतं, आणि भरायला पेट्याच नसल्याने तशी गाडी कधी निघालीच नव्हती.

पुढे रोजच्या फोनची नोंद होती. रुग्ण कसा आहे? 'ठीक आहे.' दुसऱ्या दिवशी, 'ठीक आहे.' तिसऱ्या दिवशीही तेच.

त्या क्षणी मी दोन फोन करायला हवे होते. एक उमदीला, की पेट्या येत नाहीत, उठा आणि दवाखाना गाठा. दुसरा अण्णांना, की जुनी ताई जागी आहे. दोन्ही फोनमध्ये पहिलं वाक्य एकच होतं, शून्य मी न बघता लिहिलं. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. माझा बांधणीचा परवाना जाणार होता. त्याहून खरं सांगायचं तर पलंगाखालच्या पेट्या जाणार होत्या. मी स्वतःला सांगितलं, माणूस ठीक आहे, तो स्वतःच रोज सांगतोय. एका दिवसाने काही होत नाही. अण्णांना म्हणाले, "बघते, जुळवते." आणि संध्याकाळभर दोन नोंदवह्या गुपचूप जुळवत बसले, ज्या जुळत नाहीत हे मीच दुसऱ्यांना शिकवते. साडेसहाला त्याच पेट्यांतली पिशवी काढून अम्मीला लावली.

सकाळी सात वाजता अम्मीच्या पायाशी बसून मी सगळं सांगितलं. अम्मी शाळेत शिपाई होती, तिला आरडाओरडा येत नाही.

"तेरे कू कल मालूम था?"

"कल दोपहर कू."

"और शाम कू मेरे कू इसीच में की थैली लगाई." ती उठून पलंगाखाली वाकली. सहा पेट्या उरल्या होत्या. "चार उठा. मेरे कू दो बस. एक थैली रोज."

"अम्मी, एका पिशवीवर..."

"उठा बोली ना."

*

गाडीतून मी होनमोऱ्यांना फोन लावत राहिले. कुणी उचलला नाही. उमदीच्या अलीकडे पुलाजवळ रस्ता खणून ठेवलेला होता. मी तिथवर जाऊन परत फिरले, दुसऱ्या गावाला वळसा घातला, त्यात चाळीस मिनिटं गेली. पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. घरापुढे माणसं बसलेली होती.

मी पेटी छातीशी धरून दारात गेले. एका म्हातारीने हात आडवा केला.

"थांब बाई जरा. आत बांगड्या वाढवायचं चाललंय."

विधवेच्या बांगड्या फोडायची रीत ठराव करून मोडून या गावाला वीस वर्षं झाली होती, असं मला मागाहून कुणीतरी सांगितलं. म्हाताऱ्यांनी ऐकलं नव्हतं. फोडायच्या म्हणायचं नाही म्हणून वाढवायच्या म्हणायचं. काच जमिनीवर पडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

मलकारी होनमोरे वायरमन होते, वय एक्केचाळीस. पहाटे पाचला गेले. त्यांची बायको कस्तुरा तासाभराने बाहेर आली आणि माझ्या हातातली पेटी बघून तिथेच खाली बसली.

"आल्या व्हय पेट्या," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं. दोन ताया, एक माल, आणि मी लिहिलेलं शून्य. तिला किती कळलं ठाऊक नाही. ती पेटीवरची छापील अक्षरं बघत होती.

"आधी चारच्या दोन केल्या, मग दोनाची येक. तीन दीस कायच न्हवतं. मी म्हणत हुते, त्या ताईला सांगा तरी, अंग सुजलंय, दम लागतुय. तर म्हणायचे, बाई इतकी गोड बोलती, तिला कशाला घोर लावायचा, पेट्या निघाल्यात म्हणती न्हवं. ठीक हाय, ठीक हाय म्हणूनच सांगत राहिले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "येकदा जरी न्हाई म्हटलं असतं ना, तर मी मिरजंला घिऊन आले असते. दारात भावाची जीप हुती."

मी म्हणाले, माझी चूक आहे. निघताना तिने पेट्या परत गाडीत ठेवायला लावल्या. "दुसऱ्या कुणाच्या तरी उपेगी येतील. आन येक करा. त्या ताईला इचारा, शेवटी काय बोलले तिच्यासंगं. मी पाण्याला गेले हुते."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी अण्णांच्या दुकानात होते. चूक लिहून, सही करून परवाना पाठवून दिला होता. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"शब्द माझा होता," ते म्हणाले.

"शून्य माझं होतं, अण्णा."

जुन्या ताईला पुसायचं होतं. तिच्या नोंदवहीतली घरं मी आदल्या संध्याकाळपासून एकेक फोन करून नव्या ताईकडे लावली होती. पण तिचे चौदा दिवस, त्या दिवसांतली बोलणी, ती कुठेच नेता येणार नव्हती. मलकारींचा शेवटचा आवाज फक्त तिच्यापाशी होता.

"ताई," मी म्हणाले, "उमदीचे होनमोरे. शेवटचं काय बोलले?"

"परवा दुपारी सव्वाचारला बोललो आम्ही. ठीक आहे म्हणाले."

सव्वाचारला. मला कळून दोन तास होऊन गेले होते.

"आणि म्हणाले, गाडीवाल्याला सांगा, पुलाजवळ रस्ता खणलाय, ओढ्याकडून ये, नाहीतर चाळीस मिनिटं फुकट जातात. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले त्याला. मी गाडीला तसा निरोप दिला होता." "यास्मिन, पेट्या पोचल्या ना गं? मी शब्द दिला होता."

अण्णांनी डोळे मिटले होते.

"पोचल्या, ताई."

"मग झालं. काळजी नसावी."

मी तिला थिजवलं. या वेळी ती 'येते' म्हणाली नाही, कारण कुठे जायचं आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी माइक अण्णांपुढे सरकवला. कागदावर काही लिहिलं नाही. अण्णांनी दुकानाच्या कपाटांवरून नजर फिरवली.

"दुकान बंद कर," ते म्हणाले.

"दुकान बंद करायचं आहे. नक्की?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. हुकूम त्यांच्याच आवाजात लागत होता, मला काही करता येत नव्हतं.

"नक्की."

सूनबाईंनी ताटं आणली आणि तशीच परत नेली. घरी अम्मी उरलेल्या पेट्यांतली पिशवी स्वतःच्या हाताने लावत असणार. उमदीहून आल्यापासून ती मला नळीला हात लावू देत नाही. तिचे हात थरथरतात, पण ती बोलावत नाही.

मी पडद्याकडे मान वळवली. तीनाचे दोन झाले, दोनाचा एक झाला. मी थांबले. मग आकडा बदलला, आणि तो बघून मी फॉर्मवर शून्य लिहिलं.